टॉवरमधला कट्टा: बारा आठवड्यांत शेजार कसा उभा करायचा

वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, नव्या चाळीस मजली इमारतीतलं घर ५०० चौरस फुटांचं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना घरं मिळाली. लालबाग, परळ, गिरगाव, घाटकोपर, पुण्यातले वाडे, सगळीकडे कमी-अधिक हेच चाललंय. घरात संडास आला, स्वतःचा नळ आला. सामायिक संडासाच्या आठवणीने हळहळणारा माणूस बहुतेक चाळीत राहिलेलाच नसतो, तेव्हा जुन्या दिवसांचं रडगाणं इथे नको.

पण चाळीचा पॅसेज एक काम फुकटात करायचा. आज कोण दिसलं नाही, हे सकाळी दहापर्यंत मजल्यावर सगळ्यांना माहीत असायचं. टॉवरमध्ये दार लागलं की लागलं. बीपीची गोळी संपून आठ दिवस झाले, पाय सुजलेत, जेवण सुटलंय, हे कळायला कुणी वाटेत भेटावं लागतं, आणि लिफ्टमध्ये माणसं फक्त आकड्यांकडे बघतात.

याचा तब्येतीशी संबंध हळवेपणाचा नाही, हिशेबाचा आहे. २०१० साली १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती एकत्र केली गेली. घट्ट नातेसंबंध असलेल्यांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ च्या अहवालात एकटेपणाशी जोडलेले मृत्यू वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार धरले आहेत. तेव्हा जे काम पॅसेज आपोआप करायचा, ते आता ठरवून करायचं. गणपती आणि सत्यनारायण वर्षातून एकेकदा येतात, त्यांच्यावर हे भागत नाही. ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडं काम, एवढं लागतं. यालाच इथे कट्टा म्हटलंय.

किती घरं, कुठली माहिती

एका कट्ट्याला २४ ते ३० घरं पुरतात. मजल्यावर आठ घरं असतील तर तीन-चार मजले झाले. पूर्ण विंगेचा एकच कट्टा केला तर गैरहजर कोण, हे कुणालाच कळत नाही, आणि मग तो कट्टा राहत नाही, सभा होते. पंधरा घरांहून कमी घेतली तर मे महिन्यात अर्धे गावाला गेले की चहाला तिघं उरतात.

पहिल्या आठवड्यात दोघांनी घरोघर जायचं, एक बाई आणि एक पुरुष, रविवारी अकराच्या सुमाराला किंवा संध्याकाळी सहा ते साडेसात. वहीत पाचच गोष्टी लिहायच्या: दुपारी घरी कोण असतं, आधी कुठल्या चाळीत आणि कितव्या मजल्यावर होतात, अडीनडीला फोन कुणाला करायचा, कुठली वेळ जमते, आणि हाताने काय येतं. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. शिवण, कॅरम, पेटी, नळाचं काम, आळूवड्या, पोस्टाचे फॉर्म भरणं, काहीही चालेल, पण प्रत्येक नावापुढे एक तरी गोष्ट हवी. जुना मजला विचारायचा तो यासाठी, की सोडतीत घरं वाटली गेल्यामुळे तीस वर्षांचे शेजारी आता एक अठराव्या आणि एक तिसऱ्या मजल्यावर असतात. अशी एक जोडी सापडली तरी निम्मं काम होतं.

आजार, पगार, घर कुणाच्या नावावर, हे पहिल्या फेरीत विचारायचं नाही. आजार विचारला की आपण विम्याचे एजंट वाटतो, आणि नाव विचारलं की सोसायटीच्या भांडणातले. भाडेकरूंची घरं वगळायची नाहीत. इमारतीत सगळ्यांत एकटे बहुधा तेच असतात.

जागा

झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेच्या इमारतीत बालवाडी आणि कल्याण केंद्राची जागा नियमानेच ठेवलेली असते. अनेकदा तिला कुलूप असतं, आत मंडपाचे बांबू आणि जुन्या निवडणुकीचे बॅनर. सोसायटीला आठवड्यातले दोन तास मागणारं दहा सह्यांचं साधं पत्र द्या. पूर्ण ताबा मागू नका, तिथेच अडतं. नाही मिळालं तर स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) सावलीची कडा किंवा पोडियमचा कोपरा बघायचा. जिना, जिन्याचे लँडिंग आणि रेफ्यूज एरिया (आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा) मात्र नाही. आग लागली तर ती सुटकेची वाट आहे, तिथे बाकडं ठेवणं चूकच.

बसण्याची उंची बघा. जमिनीपासून १७ ते १८ इंच, पाठीला टेकू आणि दोन्ही बाजूंना हात. कमरेएवढ्या खोल प्लास्टिक खुर्चीतून गुडघेदुखीवाली आजी उठू शकत नाही, आणि एकदा सगळ्यांसमोर दोघांनी तिला ओढून उठवलं की ती पुन्हा येत नाही. बाकं एका रांगेत लावली तर एसटी स्टँड होतो; काटकोनात लावा, म्हणजे तोंडं दिसतात. एक तरी बाक गेटकडे बघणारं हवं, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारता येते. पन्नास पावलांच्या आत चालू स्थितीतला संडास हवा. हे कुणी बोलून दाखवत नाही, पण साठीपुढच्या बायका न येण्याचं कारण पुष्कळदा तेच असतं.

वेळ आणि मोसम

आठवड्यातून एकदा, एकच वार (इथे गुरुवार धरू), दीड तास. दुपारी साडेचार ते सहा बहुतेक ठिकाणी जमतं. त्याआधी वामकुक्षी, त्यानंतर पाणी, देवाजवळचा दिवा आणि मालिका. सुरुवात दिवाळीनंतर करा. तिथून संक्रांतीपर्यंत दहा-बारा आठवडे मिळतात, पाऊस नसतो, आणि शेवट तिळगुळावर येतो. मे महिन्यात आणि गणपतीत सुरू करू नका, निम्मी इमारत कोकणात आणि घाटावर गेलेली असते. चारच माणसं आली तरी दीड तास बसायचं. ‘आज कमी आहेत, पुढच्या गुरुवारी बघू’ असं एकदा झालं की पुढच्या गुरुवारी दोघंच असतात.

चहाची पाळी

चहा हे निमित्त आहे, पण पाळी खरी हवी. पंचवीस कटिंगसाठी एक लिटर दूध, सव्वा लिटर पाणी, ४५ ते ५० ग्रॅम पावडर आणि अंगठ्याएवढे आल्याचे दोन तुकडे. पाणी आणि आलं आधी उकळून घ्या, मग पावडर, दूध शेवटी. साखर पातेल्यात घालायची नाही, वेगळ्या डब्यात चमच्यासह ठेवायची. पातेल्यात साखर असली की मधुमेहवाल्यांना एकतर ‘मला नको’ म्हणून बाजूला बसावं लागतं, नाहीतर भिडेखातर प्यावं लागतं.

हा सगळा खर्च दीडशे रुपयांच्या आत राहतो. महिन्याला सहाशे, तीस घरांत वाटले तर घरटी वीस रुपये. सोसायटीच्या मेंटेनन्समधून एक पैसाही घेऊ नका, नाहीतर वार्षिक सभेत आल्याच्या तुकड्यावरून भांडण होईल. वर्गणी कुणी दिली नाही हे फळ्यावर लिहायचं नाही. खर्च मात्र दर महिन्याला लिफ्टजवळ लावायचा.

पाळीत चार कामं: आणणं, करणं, वाटणं, भांडी विसळणं. चिठ्ठ्या टाकून वाटा, नाहीतर चौथं काम कायम बायकांकडे आणि हिशेब कायम पुरुषांकडे जातो. पुरुषांचं एक वेगळं सांगायला हवं. निवृत्त माणूस ‘गप्पा मारायला’ खाली येत नाही, कॅरम, पेपर किंवा दुरुस्तीला येतो. एक कॅरम बोर्ड, बोरिक पावडर आणि स्क्रू-ड्रायव्हरचा डबा ठेवा. बिघडलेला मिक्सर घेऊन एक बाई आली की तिघं पुरुष तासभर जागचे हलत नाहीत.

दार वाजवताना

इथे बहुतेक जण चुकतात. ‘काकू, एकट्या काय बसता घरात, खाली या की!’ या वाक्यात माया आहे, पण ऐकणारीला त्यात कीव ऐकू येते. ती म्हणते, ‘बघते हं,’ आणि येत नाही. त्याऐवजी वहीत तिच्या नावापुढे जे लिहिलंय ते मागायचं. ‘काकू, गुरुवारी पंचवीस माणसांचं आलं किसायचंय, माझ्याच्याने व्हायचं नाही. साडेचारला किसणी घेऊन येता का?’ आता न येणं म्हणजे शब्द मोडणं. काकू येतात, आणि पुढच्या गुरुवारी न सांगता येतात, कारण किसणी त्यांची असते.

तीन नकारांनंतर आग्रह थांबवा, पण कामाची देवाणघेवाण सुरू ठेवा. खाली न येणाऱ्या माणसाकडून शिवून आलेली पिशवी, लिहून आलेली यादी ही हजेरीच समजा. सुनांसाठी वेळ विचारून घ्या. सासू कट्ट्यावर असते त्या वेळी सून येत नाही, हे काही कुणाच्या वाईटावर नसतं. संक्रांतीचं हळदीकुंकू कट्ट्यावर करणार असाल तर निमंत्रणातच ‘सर्व बायकांना’ लिहा आणि विधवा बाईला पहिलं वाण द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. गाव करू शकतं तर विंग का नाही?

महिन्यातून एकदा बीपी

चौथ्या आठवड्यापासून, महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. दंडाला लावायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. त्याचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाला चालतो. जाड दंडाला तोच आवळून लावला तर आकडा खोटा वाढतो, म्हणून मोठा पट्टाही हवा. मुंबईत पालिकेच्या आरोग्य सेविकेला आणि इतरत्र आशाताईंना त्या दिवशी बोलवा. त्या आल्या की पुढचा दवाखाना आपोआप जोडला जातो.

मोजणी चहाच्या आधी! चहा, तंबाखू, मिश्री, जिना चढून येणं, यांतलं काही अर्ध्या तासात झालं असेल तर आकडा वर जातो. माणसाला पाच मिनिटं गप्प बसवा, पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, एकावर एक पाय नाही. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही, आणि इथेच कट्ट्याची अडचण येते, कारण शेजारचा बोलतच असतो. म्हणून मोजणीची खुर्ची पंधरा पावलं लांब ठेवा. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे त्या माणसाच्याच कार्डावर लिहा. मोठ्याने वाचायचे नाहीत, फळ्यावर नाहीत, व्हॉट्सअॅपवर तर नाहीतच.

१४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर ते निदान नव्हे. पण त्याच आठवड्यात ‘आपला दवाखाना’ किंवा आरोग्य केंद्र गाठायला हवं, आणि कट्ट्यावरचं कुणीतरी सोबत जायचं. १८०/१२० च्या पुढे असेल आणि छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, तोंड किंवा हात-पाय लुळा पडणं यांतलं काही दिसलं तर १०८ ची रुग्णवाहिका. लक्षण नसेल तर शांत बसवून पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तरीही तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांना पाकीट घेऊन यायला सांगा. ‘बरं वाटलं म्हणून बंद केली’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं, की पाकीट बघणं यंत्राइतकंच उपयोगाचं ठरतं. गोळी बदलायचा सल्ला मात्र कट्ट्याने कधी द्यायचा नाही.

जो दिसला नाही

सगळ्या खटाटोपाचा गाभा हा आहे. सलग दोन गुरुवार न आलेल्याच्या दारावर त्याच संध्याकाळी कुणीतरी जायचं, चहाच्या पेल्यासकट. रिकाम्या हाती गेलात तर चौकशी वाटते, पेला नेलात तर चहा.

एकट्या राहणाऱ्यांसाठी रोजची खूण ठरवा. दुधाची पिशवी साडेनऊपर्यंत दारातून आत गेली पाहिजे. नाही गेली तर समोरचं घर बेल वाजवणार, मग फोन, मग किल्ली. दूध न घेणाऱ्यांनी दाराच्या कडीला रंगीत फडकं बांधायचं, रात्री बाहेर, सकाळी आत. जादा किल्ली त्याच मजल्यावरच्या घरात बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर मालकाची सही. किल्ली वॉचमनकडे ठेवू नका. माणूस प्रामाणिक असतो, पण एजन्सी वॉचमन बदलत राहते. लिफ्ट बंद पडली की वरच्या मजल्यांवर कुणाला औषध, दूध, डायलिसिसची गाडी लागते याची यादी वेगळी करा आणि ती दर महिन्याला तपासा.

क्षयाचा रुग्ण हा कट्ट्याची कसोटी असतो. दाटीने उभ्या केलेल्या पुनर्वसन इमारतींत हा प्रश्न नवा नाही. गोवंडी-मानखुर्दच्या अशा वसाहतींमध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या पाहणीत कमी उजेड-वाऱ्याच्या घरांचा क्षयाशी संबंध दिसला होता. रुग्णाला घरच्यांनी लपवलं की औषध मध्येच सुटतं. डॉक्टर सांगेपर्यंत त्याने मास्क लावायचा आणि उघड्या हवेत बसायचं. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं की पाळीत त्याचं नाव पुन्हा यायला हवं, वेगळा पेला न ठेवता. सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे हजार रुपये खात्यात आले का, हे विचारणारं एक माणूस ठरवून द्या.

मनाच्या दुखण्याला वेगळं काही उभारावं लागत नाही. झिम्बाब्वेतल्या हरारे शहरात २००६ पासून दवाखान्याबाहेरच्या लाकडी बाकावर शिकवून तयार केलेल्या आज्या माणसांचं ऐकून घेतात. तिथे उदासीला ‘फार विचार येणं’ म्हणतात, आपल्याकडच्या बायका वापरतात तोच शब्द. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा फायदा सिद्ध झाला. मात्र त्या आज्यांना प्रशिक्षण होतं, वर देखरेख होती. आपल्या कट्ट्याने ऐकायचं, उपाय सुचवायची घाई करायची नाही. कुणी ‘जगण्यात अर्थ नाही’ म्हणालं तर विषय बदलू नका. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडायचं नाही, गोळ्या आणि उंदराचं औषध हाताशी ठेवायचं नाही, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर तिथूनच फोन लावायचा. घरात मारहाण होत असेल तर बाईसाठी १८१, म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७.

बिघडतं कुठे

चौकशी आणि भोचकपणा यांत एका वाक्याचं अंतर असतं. ‘कालपासून दिसला नाहीत’ ही चौकशी, ‘काल कोण आलं होतं?’ हा भोचकपणा. कट्ट्यावर कळलेलं वर लिफ्टमध्ये बोलायचं नाही, हा नियम पहिल्याच गुरुवारी सांगा. एकदा सुनेचं भांडण फुटलं की तिच्या वयाच्या सगळ्या बायका बंद होतात.

दुसरा धोका बॅनरचा. बाकं द्यायला कुणीतरी पुढारी तयार असतोच. घेतलीत तर पाठीवर त्याचं नाव, आणि दुसऱ्या पक्षाची सहा घरं दुसऱ्या दिवसापासून गायब. जुनी बाकं वर्गणीतून दुरुस्त करा. धर्म-जातीचंही तेच: पहिल्या दिवशी आरती ठेवली तर काही घरांना न बोलताच उत्तर मिळतं. सण कट्ट्यावर येऊ देत, पण सगळ्यांचे.

व्हॉट्सअॅप ग्रुप फक्त निरोपासाठी, फॉरवर्ड बंद. लिफ्टजवळच्या पाटीवर दोन ओळी, एक इंच उंच अक्षरांत. स्मार्टफोन नसलेल्यांना ती पुरते, आणि खरं तर बाकीच्यांनाही.

उपयोग झाला का

हजेरी मोजून काही कळत नाही. पहिल्या आणि बाराव्या आठवड्यात प्रत्येक घराला तीनच प्रश्न विचारा: इमारतीत कितीजणांना नावाने ओळखता? रात्री दोन वाजता ज्याचं दार ठोठावता येईल असं घर आहे का? गेल्या आठवड्यात घराबाहेरच्या कुणी तुमची विचारपूस केली का? सोबत बीपीचा एक हिशेब: वर आकडा आलेल्यांपैकी पंधरा दिवसांत दवाखान्यात किती गेले, आणि तिसऱ्या महिन्यात गोळी कितीजणांची चालू आहे. दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारी घरं ही पुढच्या तिमाहीची यादी.

तेराव्या गुरुवारी, ज्या दोघांनी हे सुरू केलं त्यांनी न सांगता घरीच थांबायचं. साडेचारला खाली चहा उकळला का ते खिडकीतून बघायचं, आणि त्याच्या पुढच्या गुरुवारीही खाली जायचं नाही. त्या संध्याकाळी पेला घेऊन कुणी बेल वाजवते का, याची वाट बघायची.